राखणदाराच्या हाती बॉल द्या



गेल्या महिन्यात मी ऐरोलीला जाऊन आलो. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला होता. लेकीचा फोनवर फोन, "अण्णा, पाऊस ओसरलाय, आता ये-ये म्हणायला लावू नका. डोळाही होईल आणि नातीची गाठही पडेल." म्हणून नाशिकहून एसटीनं ठाणं गाठलं आणि ठाण्याहून लोकल धरली. दुसरंच स्टेशन ऐरोली. चार दिवस म्हणून गेलो, ते तीन आठवडे राहिलो.

ऐरोली म्हणजे नवी मुंबईचा उत्तरेकडचा भाग. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी. खाडीवर १९९९ साली पूल झाला आणि पलीकडचं मुलुंड हाकेच्या अंतरावर आलं. आता जिकडं बघावं तिकडं इमारती, पण इमारतींच्या मध्ये आगरी-कोळी मंडळींची जुनी गावठाणं अजून आहेत. मला काही चौथ्या मजल्यावर करमेना. डोळ्याचं काम आटोपल्यावर काळा चष्मा लावून मी संध्याकाळी खालच्या मैदानात बाकावर जाऊन बसू लागलो. तिथं माझ्याच वयाचे एक आगरी गृहस्थ यायचे. शेतीची माणसं शेतीवरच बोलणार. त्यांनी मला खारबंदिस्ती समजावून सांगितली.

आपल्या घाटावरच्या माणसाला ही गोष्ट ठाऊक नसते. या खाडीकाठच्या मुलखात भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं की भात गेलंच म्हणून समजा. म्हणून वाडवडलांनी खाडीच्या कडेनं मातीचे, दगडाचे बांध घातले. बांधात जागोजागी लाकडी झडपा ठेवायच्या. त्याला म्हणतात उघाडी. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं झडप आपोआप मिटते आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं आणि जाताना जमिनीतला खारही धुऊन नेतं. अशा जमिनीत ते भात पिकवत. ते गृहस्थ मला म्हणाले, "लोक भाताचं कौतुक करत. बांध फुटला म्हणजेच बांधाची आठवण व्हायची." हे वाक्य तुम्हीही जरा लक्षात ठेवा. पुढं कामाला येईल.

तर आमची नात. नववीत आहे. उंच, काटक, आईच्या अंगलोटाची. ती शाळेच्या संघात बास्केटबॉल खेळते. तुमच्यापैकी पुष्कळांनी हा खेळ पाहिला नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. दोन्हीकडं पाच-पाच गडी. मैदानाच्या दोन्ही टोकांना दहा फूट उंचीवर एक लोखंडी कडं, त्याला खाली जाळी. बॉल हातानं आपटत न्यायचा, सोबत्याकडं फेकायचा आणि समोरच्यांच्या कड्यात वरून टाकायचा. जवळून टाकला तर दोन गुण, ठरलेल्या रेषेबाहेरून टाकला तर तीन. १८९१ साली अमेरिकेत जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकानं हा खेळ काढला, तेव्हा फळं भरायच्या टोपल्याच सज्जाला ठोकल्या होत्या. टोपलीला तिकडं बास्केट म्हणतात, म्हणून हे नाव.

आमची नात संघात अडवायचं काम करते. समोरच्या संघात जी सगळ्यात तरबेज मुलगी असेल, तिच्या अंगाला हिनं सावलीसारखं चिकटायचं. तिला बॉल मिळू द्यायचा नाही, मिळाला तर फेकू द्यायचा नाही, फेकलाच तर कड्यावर आपटून परतलेला बॉल उडी मारून हिनं धरायचा. आपल्या कबड्डीत कोपरा धरणारा गडी असतो ना, तसंच म्हणा.

एका शनिवारी दुसऱ्या शाळेशी सामना झाला. आमची शाळा ३१-२८ अशी जिंकली. पोरींनी नुसता कल्ला केला. सोळा गुण करणाऱ्या मुलीला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं, तिच्या आईबापांनी पेढे वाटले. आमच्या नातीचे गुण दोन. ती बाजूला बसून बुटाची नाडी सोडत होती.

रात्री तिनं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "आजोबा, मी सोमवारपासून जाणार नाही खेळायला."

"का गं बाळ?"

"मला कोणी बॉल देतच नाही. मी घेऊन द्यायचा आणि त्यांनी टाकायचा. मी कड्याजवळ मोकळी उभी असते, हात वर करते, तरी देत नाहीत. सर म्हणतात, तू फक्त अडव. मला टाकता येतो, आजोबा. पण कोणाला वाटतच नाही मला येतो म्हणून."

लेक म्हणाली, "नाही तरी पुढच्या वर्षी दहावी आहे. सोडलेलंच बरं." जावईबापूंनीही मान हलवली. मी म्हटलं, थांबा. मला दोन आठवडे द्या. मग काय ते ठरवा.

आपण शेतकरी माणसं. मोजल्याशिवाय, तोलल्याशिवाय आपला विश्वास बसत नाही. नातीच्या जुन्या वहीतलं पान घेतलं, पेन्सिल घेतली आणि संध्याकाळच्या सरावाच्या वेळी बाकावर बसून मी रेघा मारायला लागलो. गुण कोणी केले ते तर फळ्यावर लिहितातच. मी लिहिलं ते एवढंच, की ज्या बॉलवर गुण झाले, तो बॉल आला कुठून. पहिल्या दिवशी तिच्या बाजूनं तेरा वेळा बॉल कड्यात गेला. त्यातले सहा बॉल हिनं समोरच्यांकडून हिसकून घेतलेले किंवा परतताना धरलेले होते. आणि कड्याकडं तोंड करून उभी असताना तिला स्वतःला बॉल किती वेळा मिळाला? तीन वेळा. त्यातले दोन आत गेले. तीन-चार दिवस मोजलं, कमी-जास्त हाच हिशेब निघाला.

आणखी एक गोष्ट दिसली. ती ज्या मुलीला अडवायची, तिचा हात कोणत्या बाजूला आधी वळतो, ती फेकण्याआधी कोणता पाय टेकवते, हे सगळं हिला पाठ होतं. मी विचारलं तर तिनं घडाघडा सांगितलं. आता मला सांगा, ज्याला दुसऱ्याचं फेकणं इतकं बारकाईनं कळतं, त्याला स्वतःचं फेकणं कळणार नाही का? ज्या जागल्याला चोर कुठून शिरतो हे ठाऊक असतं, त्यालाच गावाच्या सगळ्या वाटा ठाऊक असतात.

त्या रात्री मी तिला बापू नाडकर्णींची गोष्ट सांगितली. तुमच्यातल्या वयस्कर मंडळींना बापू आठवत असतील. आमच्या नाशिकचे. ४ एप्रिल १९३३ चा जन्म. नाव रमेशचंद्र, पण सगळं जग बापूच म्हणायचं. डाव्या हातानं संथ फिरकी टाकायचे. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. मी तेव्हा सहावीत होतो. गावात पेपर दुसऱ्या दिवशी यायचा, आणि गुरुजींनी तो वर्गात वाचून दाखवला. बापूंनी एका डावात ३२ षटकं टाकली, त्यातली २७ निर्धाव आणि सगळ्या मिळून धावा दिल्या अवघ्या ५. त्यातली २१ षटकं तर ओळीनं निर्धाव. १३१ चेंडू एकामागून एक पडले आणि इंग्लंडच्या फलंदाजांना एक धाव काढता आली नाही. सरावाला ते खेळपट्टीवर नाणं ठेवत आणि त्या नाण्यावर चेंडू पाडत, असं सांगतात. आम्ही पोरांनी दुसऱ्या दिवशी खळ्यात दहा पैसे ठेवून तसं करून पाहिलं. नाण्यावर एकही चेंडू पडला नाही. शेवटी नाणंही हरवलं आणि घरी मार बसला तो निराळाच.

त्या दिवसापासून बापू म्हणजे कंजूष गोलंदाज, असं नाव पडलं ते कायमचं. २०२० च्या १७ जानेवारीला ते गेले, तेव्हाही पेपरांतून तीच २१ षटकं छापून आली. गंमत बघा, त्या ३२ षटकांत बापूंना बळी एकही मिळालेला नाही. ज्या दिवशी त्यांनी कोणाला बाद केलं नाही, त्याच दिवसासाठी ते लोकांच्या लक्षात राहिले.

आता उरलेला हिशेब ऐका. त्या सामन्यानंतर महिनाभरात, फेब्रुवारीत कानपूरला याच इंग्लंडनं साडेपाचशेच्या वर धावा केल्या आणि आपल्याला फॉलोऑन दिला. बापू पहिल्या डावात ५२ धावांवर नाबाद राहिले होते. दुसऱ्या डावात त्यांना वरच्या क्रमांकावर पाठवलं आणि त्यांनी नाबाद १२२ केल्या. दोन्ही डावांत त्यांना कोणी बाद करू शकलं नाही. सामना वाचला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा मद्रास, या वेळी समोर ऑस्ट्रेलिया. बापूंनी पहिल्या डावात ३१ धावांत ५ बळी घेतले, दुसऱ्या डावात ९१ धावांत ६. एका सामन्यात अकरा गडी बाद! सामना आपण हरलो, पण अकरा बळी काही नुसत्या अडवण्यानं मिळत नाहीत. १९६८ साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला ४३ धावांत ६ बळी घेतले. तो सामना आपण जिंकला, आणि परदेशात कसोटी मालिका जिंकण्याची ती भारताची पहिलीच वेळ होती. रणजी करंडकात १९६०-६१ च्या हंगामात मुंबईकडून खेळताना दिल्लीविरुद्ध त्यांनी नाबाद २८३ धावा काढल्या. सगळ्या मोठ्या सामन्यांत मिळून आठ हजारांच्या वर धावा आणि पाचशे बळी. पहिल्याच कसोटीत, १९५५ साली दिल्लीला, ते ६८ वर नाबाद राहिले होते. म्हणजे ज्याला आपण नुसता राखणदार म्हणत होतो, त्याचा दुसरा हात पहिल्यापासून चालत होता.

खरं तेही सांगितलं पाहिजे. ४१ कसोटींत ८८ बळी आणि एकच शतक, हे आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत. बापू म्हणजे सगळ्यांत मोठे फलंदाज होते, असं माझं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की जिथं त्यांना वाव मिळाला, खेळपट्टीनं साथ दिली किंवा वरच्या क्रमांकावर पाठवलं, तिथं त्यांनी करून दाखवलं. आणि ते ज्या गुणांवर केलं, ते गुण राखणीचेच होते. नाण्यावर चेंडू पाडणाऱ्या हाताच्या नेमकेपणानंच अकरा गडी घेतले. २१ षटकं कंटाळा न करता टाकणाऱ्या धीरानंच १२२ धावा काढल्या. राखणं आणि मारणं ही दोन वेगळी बियाणी नव्हेत. एकाच बियाण्याला दोन हंगामांत दोन पिकं यावीत, तसं ते आहे.

जावईबापू कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांनी बास्केटबॉलमधलीच एक गोष्ट काढली. अमेरिकेत बिल रसेल नावाचा खेळाडू होऊन गेला. १९३४ चा जन्म, २०२२ साली वारला. बॉस्टनच्या संघाकडून तो तेरा हंगाम खेळला आणि त्यातल्या अकरा हंगामांत त्याचा संघ अजिंक्य ठरला. तो अडवण्यात जगात पहिला. लोक त्याला अडवणारा म्हणूनच ओळखत. दुसरे खेळाडू समोरच्याचा बॉल अडवताना असा फटका मारत, की बॉल मैदानाबाहेर जाई आणि लोक टाळ्या वाजवत. पण मैदानाबाहेर गेलेला बॉल पुन्हा समोरच्यांनाच मिळतो. रसेल काय करी, बॉल हलक्या हातानं असा थोपटी की तो आपल्याच सोबत्याच्या हातात जाई. त्याचं अडवणं हीच त्याच्या संघाची चढाई असे. आणि १९६२ साली अजिंक्यपदाचा शेवटचा, निर्णायक सामना लॉस एंजेलिसच्या संघाशी लागला, जादा वेळ द्यावा लागला, ११०-१०७ असा अटीतटीनं सुटला. त्या सामन्यात या अडवणाऱ्यानं परतलेले बॉल धरले ४०, आणि स्वतः गुण केले ३०.

नात पाय पोटाशी घेऊन ऐकत होती. म्हणाली, "मग लोकांना हे दिसत का नाही, आजोबा?"

मी म्हटलं, "बाळ, फळ्यावर शेवटच्या हाताचं नाव लिहितात. आधीच्या हातांसाठी फळ्यावर जागाच नसते. आणि एकदा माणसाला राखणदार म्हटलं, की त्याच्या हातात दुसरं काही द्यायचं कोणाला सुचत नाही."

ती जरा गप्प राहिली. मग अगदी सहज म्हणाली, "म्हणजे आपल्या तात्या आजोबांसारखं. ते पण सगळं राखतात आणि विचारत त्यांना कोणी नाही."

मंडळी, पोर बोलून गेली आणि झोपली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

तात्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी शाळा शिकलो, बाहेर फिरलो, चार माणसांत बसलो, सदर लिहायला लागलो. तात्या मळ्यात राहिला. बाहत्तरच्या दुष्काळात विहिरीचा तळ दिसला, तेव्हा रात्र-रात्र जागून त्यानं बैलं जगवली. तेव्हापासून घरात वाटणी ठरून गेली. राखायचं ते तात्यानं, ठरवायचं ते मी. कांद्याची चाळ त्याच्याकडं. उन्हाळी कांदा चाळीत भरला की तो रोज फिरणार, वास घेणार, हात घालून बघणार, सडका वेचून काढणार. चाळीतला कांदा टिकवावा तर तात्यानंच, असं गावात बोलतात. पण माल कधी काढायचा, कधी लासलगावला लिलावाला न्यायचा, हे मी ठरवणार. मी पेपर वाचतो ना!

२०१३ सालची गोष्ट. जूनमध्ये मी म्हटलं, माल काढू. तात्या म्हणाला, "दादा, या वर्षी गणपतीपर्यंत थांबू. माल टिकतोय. शेजारपाजारच्या चाळी बघितल्या मी, त्यांच्याकडं निम्माही राहिला नाही." मी त्याला काय म्हणालो, ते आजही लिहायला लाज वाटते. म्हणालो, "तू चाळ राख, बाजार मी बघतो." माल विकला. पुढं त्या ऑगस्ट-सप्टेंबरात कांदा कुठं गेला, हे तुम्हाला सांगायला नको. देशभर कांद्याचीच चर्चा होती आणि आमची चाळ झाडून स्वच्छ. तात्यानं त्यावर चकार शब्द काढला नाही. मीही नाही. त्या वर्षी घराचं छत घालायचं राहिलं, ते आणखी दोन वर्षं राहिलं.

आता बघा, त्याला बाजार कळत होता की नव्हता? मी पेपरातून भाव बघत होतो. तो लोकांच्या चाळीत शिरून बघत होता, की पुढं बाजारात यायला माल शिल्लक आहे किती. जो रोज माल राखतो, त्यालाच कळतं की तो किती दिवस तग धरील. आणि किती दिवस तग धरील हे कळणं, हाच कांद्याच्या धंद्यातला अर्धा बाजार. हे मला कळायला पन्नास वर्षं आणि एक नववीतली पोर लागली.

दुसऱ्या दिवशी मी माझा रेघांचा कागद घेऊन नातीच्या सरांकडं गेलो. भांडायला नव्हे. ती तरुण माणसं कष्ट करतात, त्यांचा मान राखला पाहिजे. सर कागद बघून हसले. म्हणाले, "काका, खरं सांगू? बॉल टाकणाऱ्या मुली मला दहा मिळतात. अडवणारी एक मिळत नाही. म्हणून तिला तिथंच ठेवली. तिथून हलवायची भीती वाटते." मी म्हटलं, "हलवू नका सर. ती अडवू द्या. फक्त ती मोकळी उभी दिसली, तर पोरींना सांगा की तिलाही बॉल देऊन बघा." त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

मंडळी, त्या सरांचं बोलणं नीट ऐका, कारण घराघरांत हेच होतं. आपण राखणाऱ्याला वाईट म्हणून मागं ठेवत नाही. तो चांगला आहे म्हणूनच ठेवतो. त्याच्यावाचून अडेल, या भीतीनं ठेवतो. पण कारण काही असो, त्याला वाटायचं ते वाटतंच. आणि तो मुकाट राहिला म्हणून त्याला काही वाटत नाही, असं धरून चालू नका. आमच्या नातीनं ताट तरी बाजूला सारलं. तात्यानं तेही केलं नाही.

पुढच्या शनिवारी दुसरा सामना. मी आणि ते आगरी गृहस्थ पुढच्याच बाकावर. पहिल्या अर्ध्या वेळात रोजचंच. नंतर सरांनी बाहेरून काहीतरी ओरडून सांगितलं आणि एका मुलीनं कड्याखाली उभ्या असलेल्या आमच्या नातीकडं बॉल फेकला. तिला इतकी सवय नव्हती की तो तिच्या हातून निसटलाच. लोक हसले. दुसऱ्या वेळी धरला, टाकला, कड्यावर आपटून बाहेर. तिसऱ्या वेळी आत. त्यानंतर समोरच्या दोन-दोन मुली हिच्या अंगावर यायला लागल्या, आणि म्हणून आमची ती सोळा गुणवाली मुलगी मोकळी सुटली. शेवटी आमच्या पोरी एका गुणानं हरल्या. नातीचे गुण आठ.

हरली तरी रात्री दोन भाकरी खाल्ल्यान् आणि आईला म्हणाली, "सोमवारी लवकर उठव, सराव आहे." लेकीनं माझ्याकडं बघितलं. दहावीचा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही. पुढं काढतील, काढावाच लागेल, पण तेव्हा तो पोरीला विचारून निघेल, असं मला वाटतं.

आगरी गृहस्थांना सामना संपल्यावर मी बापूंचं आणि बॉस्टनच्या त्या खेळाडूचं सांगितलं. ते म्हणाले, "उघाडीचंच झालं की हे. बांध नुसता अडवतो तर पावसाचं पाणी तुंबून भात कुजलं असतं. कधी मिटायचं आणि कधी उघडायचं, हे त्यालाच कळतं म्हणून पीक येतं."

गावी परतलो ते दसऱ्याच्या तोंडावर. चाळीत कांदा होता. संध्याकाळी तात्या फेरी मारून आला, ओट्यावर बसला. मी कपाटातली हिशेबाची वही आणली आणि त्याच्यापुढं ठेवली. म्हटलं, "तात्या, या वर्षी माल कधी काढायचा ते तू ठरव. लिलावालाही तूच जा. मी पाहिजे तर गाडीत बसून येतो."

त्यानं वहीला हात लावला नाही. म्हणाला, "मला कुठं कळतंय त्यातलं, दादा."

मी काही बोललो नाही. बराच वेळ दोघंही गप्प बसलो. मग खाली बघतच तो म्हणाला, "पश्चिमेच्या कप्प्यातला माल आधी काढू. त्याला वाफ लागलीय, दिवाळीपर्यंत तो राहायचा नाही. मधल्या कप्प्याला घाई नको." आणि मग वही उघडून त्यानं विचारलं, "गेल्या साली गाडीभाडं किती पडलं होतं?"

मंडळी, "तळं राखील तो पाणी चाखील" ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. मला आता ती सरळ अर्थानं घ्यावीशी वाटते. जो तळं राखतो, त्याला पाण्याची चव, पाण्याची खोली, पाण्याचा आटायचा दिवस कळतो. तुमच्या घरातही असं कोणीतरी असेल. बियाण्याची कणसं निवडून माळ्यावर टांगणारी म्हातारी असेल. दुधाचा रतीब सांभाळणारी सून असेल, जिला कोणती म्हैस ठेवायची आणि कोणती विकायची हे तुमच्या आधी कळतं. शाळेत मागच्या बाकावर बसणारं पोर असेल. त्यांचं राखणं काढून घेऊ नका, ते मोलाचंच आहे. फक्त एकदा तुम्हीही कागद घ्या, आठ दिवस रेघा मारा आणि बघा, की घरात आलेला प्रत्येक पैसा, प्रत्येक घास पहिल्यांदा कोणाच्या हातून निघाला.

आणि मग एकदा बॉल त्यांच्याकडं फेकून बघा. पहिला निसटेल, दुसरा बाहेर जाईल, हसू नका.

डोळा आता स्वच्छ आहे. पुढच्या आठवड्यात भेटू. राम राम.